पेट्रोल पंपाच्या आवारातील निरीक्षण विहीर: दख्खनच्या खडकात ती कशी घ्यावी

पंपाशेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो अशी तक्रार आली, की बहुतेक ठिकाणी पहिली सूचना एकच होते: आवारात एक बोअर मारू आणि पाणी तपासून घेऊ. बोअरची गाडी संध्याकाळपर्यंत हजर होते, सहा इंची भोक दोनशे फूट खाली जाते, वरच्या वीस फुटांत केसिंग, म्हणजे भोकाला आधार देणारी नळी, बसते आणि उरलेले भोक उघडे राहते. पाणी मिळवण्यासाठी ही रीत चालते. प्रदूषण शोधण्यासाठी मात्र ती निरुपयोगी आहे, आणि गळती खरोखर झालेली असेल तर घातकही आहे, कारण वरच्या मुरमात साचलेले पेट्रोल त्या उघड्या भोकाच्या वाटेने तोवर स्वच्छ असलेल्या खालच्या थरात उतरते. निरीक्षण विहीर ही निराळी वस्तू आहे. तिने एकाच थरातले पाणी दाखवावे आणि दोन थरांना जोडणारी वाट स्वतः होऊ नये, एवढ्या दोन अटींसाठी पुढचा सगळा खटाटोप करावा लागतो.

येथे दिलेली पद्धत दख्खनच्या बेसाल्टवर उभ्या असलेल्या पंपांसाठी आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग याच खडकाचा असल्याने ती बहुतेकांना उपयोगी पडेल, पण कोकणातला जांभा किंवा तापी-पूर्णेच्या खोऱ्यातला जाड गाळ यांना ती जशीच्या तशी लावू नये.

खोदण्यापूर्वी

पहिले दोन दिवस कागदपत्रांत आणि शेजाऱ्यांशी बोलण्यात घालवावेत. पंपाच्या मंजूर नकाशावरून टाक्या, त्यांच्या भरण्याच्या नळ्या, वितरण यंत्रांपर्यंत गेलेल्या पाइपलाइन आणि विजेच्या केबली कुठून जातात ते पाहावे. हा नकाशा पेसोच्या, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेच्या, परवान्यासोबत असतो. मात्र नकाशावर सगळा भरवसा ठेवू नये, कारण टाकी बदलताना जुनी टाकी जागेवरच वाळू भरून सोडलेली असणे किंवा पाइपलाइनचा मार्ग ऐनवेळी बदललेला असणे यांत काही नवल नाही. रोजच्या डिपच्या, म्हणजे टाकीतली पातळी पट्टीने मोजण्याच्या, नोंदवहीत साठ्याची तूट कधीपासून वाढली तेही पाहावे. पंप जुना असेल तर तपासणीच्या यादीत शिसे घालावे, कारण देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले ते १ फेब्रुवारी २०००पासून, आणि त्याआधीच्या गळतीचे शिसे मातीत आजही असू शकते.

मग आजूबाजूच्या दोन-तीनशे मीटरमधल्या सगळ्या विहिरी आणि बोअर पाहून घ्यावेत. येथे सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे पाण्याच्या पातळीची वर्षभरातली चढउतार. मे महिन्यात पाणी किती खोल जाते आणि पावसाळा संपताना किती वर येते, हे जुन्या विहिरीच्या मालकाला पायऱ्यांच्या हिशेबात पाठ असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जवळच्या निरीक्षण विहिरीची नोंद मिळाली तर ती ताडून पाहावी. हा आकडा हाती नसताना पाइपची लांबी ठरवणे म्हणजे माप न घेता अंगरखा शिवण्यासारखे आहे.

जमिनीच्या आतली रचनाही डोळ्यांसमोर आणावी. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कुजट, सच्छिद्र खडक, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, त्याखाली घट्ट काळा पाषाण, आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या गेरूचा पट्टा असा साधारण क्रम असतो. पाणी मुख्यतः मुरमातून, मांजऱ्यातून आणि पाषाणाच्या भेगांतून चालते. घट्ट पाषाण आणि गेरू त्याला बऱ्याच अंशी अडवतात. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने ते खाली उतरताना पाण्याच्या पातळीशी थांबते आणि तेथेच पसरते. पातळी चढली की ते वर उचलले जाते, उतरली की मागे मुरमाच्या कणांना चिकटून राहते. पण त्यातले बेंझीन, टोल्युइन यांसारखे घटक पाण्यात विरघळून पाण्यासोबत पुढे जातात. सध्याच्या बीएस-६ मानकाच्या पेट्रोलमध्ये बेंझीन घनफळाच्या १ टक्क्यापर्यंत असू शकते, म्हणजे लिटरमागे आठ-नऊ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. या हिशेबाने एका लिटर पेट्रोलातले बेंझीन आठ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन टेकवण्यास पुरेसे ठरते, त्यामुळे वास येत नाही म्हणून पाणी शुद्ध आहे असे कोणी म्हणू नये. अलीकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलही असते. जंतू ते आधी खातात, त्यात पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि त्यामुळे बेंझीनचे विघटन लांबून त्याचा फैलाव अधिक दूर जाऊ शकतो.

किती आणि कुठे

पाणी कोणत्या दिशेने वाहते हे काढण्यासाठी किमान तीन विहिरी लागतात, आणि त्या एका रेषेत असून चालत नाहीत. एक विहीर टाक्यांच्या वरच्या अंगाला घ्यावी, जेणेकरून बाहेरून येणारे पाणी मुळात कसे आहे ते कळेल. दोन किंवा अधिक उताराच्या अंगाला, टाक्या आणि वितरण यंत्रे यांच्या पुढे, आवाराच्या हद्दीपाशी घ्याव्यात. वाहण्याची दिशा अजून ठाऊक नसते, म्हणून सुरुवातीला जमिनीचा उतार आणि जवळचा ओढा यांवरून अंदाज बांधावा, आणि तीन विहिरींच्या पातळ्या हाती आल्यावर चौथीची जागा ठरवावी. एकाच दिवशी पाच विहिरी उरकण्याचा मोह टाळलेला बरा.

टाकीच्या खड्ड्यात मारलेली विहीर ही भूजलाची विहीर नव्हे, हे विशेष लक्षात ठेवावे. टाकी बसवताना मुरूम किंवा खडक फोडून तीन-चार मीटरचा खड्डा करतात आणि टाकीभोवती वाळू भरतात. आपल्याकडे हा खड्डा हौदासारखा वागतो. पावसाचे पाणी त्यात उतरते आणि घट्ट बाजूंमुळे महिनोन्महिने साचून राहते. तेथे नळी ठेवली तर गळती लवकर कळते, त्यामुळे तशी एक नळी असण्याला हरकत नाही, पण तिच्यातली पातळी भूजलाच्या नकाशात घेऊ नये. या हौदातल्या पाण्यावरून काढलेली प्रवाहाची दिशा मी एका अहवालात पाहिली आहे. त्या अहवालाप्रमाणे भूजल चक्क डोंगराकडे चढत होते.

टाक्या आणि पाइपलाइन यांपासून निदान तीन मीटर अंतर ठेवावे. खूण केलेल्या जागी पहिला सव्वा ते दीड मीटर खड्डा पहारीने आणि हातानेच खणावा, मग नकाशा काहीही सांगो.

भोक घेताना

कामाच्या वेळी त्या भागातली विक्री बंद ठेवावी, टँकर उतरवू देऊ नये, जागेला दोरी बांधावी आणि कोरड्या पावडरची अग्निशामके हाताशी ठेवावीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती भोकाच्या तोंडाशी आणि आसपासच्या खोलगट जागी साठून राहते. ज्वलनशील वायू मोजणारे यंत्र भोकाच्या तोंडाशी सतत चालू असावे, आणि ज्वलनाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांवर आकडा गेला की इंजिन बंद करून वाफ विरेपर्यंत थांबावे. बाहेर आलेली माती नाकाला लावून तपासण्याची जुनी सवय सोडावी, कारण बेंझीन कर्करोगकारक आहे. मुठीएवढी माती झिपच्या पिशवीत अर्धी भरून दहा मिनिटे ठेवावी आणि पिशवीतल्या हवेत बाष्पमापक यंत्राची नळी घालावी. हे आकडे दर अर्ध्या मीटरला नोंदवले, तर पेट्रोल कोणत्या खोलीवर अडकले आहे ते खोदतानाच दिसते.

माती आणि मुरूम यांत हाताचा किंवा यंत्राचा ऑगर, म्हणजे माती कापत वर आणणारा मोठा गिरमिट, सर्वांत चांगला. खडकात कोअर, म्हणजे खडकाची अखंड दांडी, काढणारे यंत्र लावावे, कारण कोअरच्या पेटीत मांजऱ्या कुठे संपला, पाषाण कुठे लागला, भेगेवर गंजाचा डाग आहे का, हे सगळे हाताने चाचपता येते. ते यंत्र सावकाश चालते आणि खर्चही वाढवते, तरी पहिल्या विहिरीसाठी तो खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे. हवेच्या दाबाने भोकाच्या तळाशी हातोडा चालवणारी नेहमीची डीटीएच गाडी शेवटचा पर्याय म्हणून ठेवावी. तिच्या हवेच्या झोताने पाण्यात विरघळलेले पेट्रोलचे घटक उडून जातात, वाफ भेगांमधून शेजारच्या तळघरापर्यंत ढकलली जाऊ शकते, आणि हातोड्याला वंगण म्हणून हवेच्या नळीतून तेलही जात असते. तीच गाडी वापरणे भाग असेल तर हवेच्या वाटेत तेल गाळणारा फिल्टर बसवावा, हवेचा दाब गरजेपुरताच ठेवावा आणि ही गोष्ट नोंदवहीत स्पष्ट लिहावी.

रॉडच्या आट्यांना ग्रीस लावू नये, भोकात डिझेल ओतू नये, आणि भुसा वर यावा म्हणून साबणपूड टाकण्याची युक्ती येथे करू देऊ नये. गाडीचे चालक या तिन्ही गोष्टी सवयीने करतात, त्यामुळे सकाळी काम सुरू होण्यापूर्वीच त्यांना कारणासह सांगावे. प्रत्येक विहिरीच्या आधी बिट आणि रॉड गरम पाण्याच्या झोताने धुवावेत, आणि काम स्वच्छ असण्याची शक्यता असलेल्या वरच्या अंगापासून सुरू करावे. टँकरचे पाणी वापरले असेल तर त्याचाही नमुना बाटलीत घ्यावा, कारण क्लोरिन घातलेल्या पाण्यातले क्लोरोफॉर्म नंतर अहवालात दिसते आणि ते कुठून आले याचा शोध घेत सगळे बसतात.

निघालेला चुरा आणि माती ताडपत्रीवर ठेवून वेगळ्या पिंपांत भराव्यात. त्या आवारातल्या झाडांना घालू नयेत.

खोली ठरवताना लोभ नको. पाण्याच्या पातळीचा पहिला थर संपला की थांबावे, आणि गेरू किंवा घट्ट पाषाण लागला तर तो फोडू नये. खालच्या थराची तपासणी खरोखर लागणार असेल, तर त्यासाठी काही मीटरवर स्वतंत्र भोक घ्यावे. आधी मोठ्या व्यासाने पाषाणात मीटरभर आत जाऊन बाहेरची केसिंग बसवावी, तिच्याभोवती सिमेंट भरून किमान चोवीस तास थांबावे, आणि मगच तिच्या आतून लहान व्यासाने पुढे जावे.

पाइप, वाळू आणि बेंटोनाइट

सगळ्या कामाचा जीव या टप्प्यात आहे, आणि नेमका तोच संध्याकाळी अंधार पडता पडता उरकला जातो. शक्य असेल तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करावा, भोकाचे तोंड रात्रभर झाकून.

पाइप ५० मिमीचा, आट्यांनी जोडला जाणारा यूपीव्हीसी घ्यावा. बोअरच्या केसिंग आणि जाळीदार पाइपांसाठी आयएस १२८१८ हे मानक आहे. जाळी म्हणजे पाइपचा चिरा पाडलेला भाग, ज्यातून पाणी आत येते. सांध्यांना सोल्युशन लावू नये, कारण त्यातली द्रावके पुढे कित्येक महिने नमुन्यात उतरत राहतात. पेट्रोलचा जाड थर तरंगत असण्याची शक्यता असेल तर पीव्हीसी मऊ पडू शकते, आणि तेथे स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी. चिरा ०.२५ किंवा ०.५ मिमी रुंदीच्या, कारखान्यात कापलेल्या असाव्यात. जागेवर करवतीने पाडलेल्या चिरांतून गाळ येतो, आणि त्यांची रुंदी कोणालाच सांगता येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. एका जागी पाणी मे महिन्यात ७.५ मीटरवर आणि ऑक्टोबरच्या आरंभी ४ मीटरवर असते, आणि मुरूम व मांजऱ्या मिळून १० मीटरपर्यंत सलग आहेत. जाळी वरच्या पातळीच्या एक मीटर वरपासून खालच्या पातळीच्या दीड मीटर खालपर्यंत असावी, म्हणजे ३ ते ९ मीटर. तीन-तीन मीटरचे दोन जाळीदार पाइप, खाली १५ सेंमीचे बूच, वर सलग पाइप, आणि भोक ९.३ मीटर. पेट्रोल तरंगते, म्हणून वर्षाच्या कोणत्याही महिन्यात पाण्याचा पृष्ठभाग जाळीच्या आतच असला पाहिजे. एके ठिकाणी मे महिन्यात बसवलेल्या विहिरीची जाळी त्या दिवशीच्या पातळीपासून खाली घेतली गेली. पावसाळ्यात पाणी साडेतीन मीटर चढले आणि पेट्रोलचा थर सलग पाइपच्या बाहेर, जाळीच्या वर राहिला. ओळीने तीन अहवाल निरंक आले, आणि त्याच काळात शेजारच्या विहिरीवर बादलीत तवंग दिसत होता. चूक माझ्याच रेखाटनातली होती, त्यामुळे ती विसरणे शक्य नाही.

सहा मीटरची जाळी लांब आहे, हा आक्षेप योग्य आहे. जाळी जितकी लांब, तितके दूषित पाणी स्वच्छ पाण्यात मिसळून आकडा खाली येतो. चढउतार चार मीटरच्या पुढे असेल तर एका लांब जाळीऐवजी दोन वेगळ्या भोकांत दोन आखूड जाळ्या घेणे मला अधिक प्रामाणिक वाटते. एकाच भोकात दोन नळ्या उतरवू नयेत, कारण त्यांच्या मधला बांध नीट बसल्याची खात्री कधीच देता येत नाही.

भोक १६५ मिमीचे आणि पाइपचा बाहेरचा व्यास ६० मिमीचा असेल, तर सभोवार ५२ मिमी जागा मिळते. पाच सेंटिमीटरपेक्षा कमी जागेत वाळू अडकते. पाइप मधोमध राहावा म्हणून जाळीच्या खाली आणि वर मध्यधारक बसवावेत. या रिंगणात एका मीटरला सुमारे १८.६ लिटर माल लागतो. धुतलेली, गोल कणांची, क्वार्ट्झची वाळू तळापासून जाळीच्या ६० सेंमी वरपर्यंत भरायची आहे, म्हणजे ९.३ पासून २.४ मीटरपर्यंत, एकूण ६.९ मीटर. ते झाले सुमारे १२८ लिटर, वजनात दोनशे किलोच्या आसपास, म्हणजे ५० किलोच्या चार पिशव्या. चिरा ०.२५ मिमीच्या असतील तर ०.४ ते ०.८५ मिमीची वाळू चालते. बांधकामाची नदीची वाळू किंवा क्रशरची कच वापरू नये.

वाळू हळूहळू ओतावी आणि दर पिशवीनंतर वजन लावलेल्या फीतीने तिची उंची मोजावी. दोन पिशव्यांनी वाळू ३.४-३.५ मीटर चढायला हवी. तेवढ्यातच ती पाच मीटर चढलेली दिसली, तर मध्येच अडकून खाली पोकळी राहिली आहे, आणि पाइप हलवून, फीतीचे वजन आपटून ती मोकळी करावी लागेल. उलट चार पिशव्या संपूनही वाळू जाळीच्या वर येत नसेल, तर भोकाला कपार पडली आहे किंवा मोठी भेग लागली आहे. ही नोंद पुढे फार उपयोगी पडते, म्हणून पिशव्यांचा हिशेब खडूने भिंतीवर न ठेवता वहीत ठेवावा.

वाळूच्या डोक्यावर ६० सेंमी बेंटोनाइटचा, म्हणजे भिजल्यावर फुगून वाट बंद करणाऱ्या चिकणमातीचा, बांध घालावा. देशातले बेंटोनाइट मुख्यतः कच्छमधून येते. पायलिंगवाल्यांकडे मिळते ती पूड असते, आणि ती कोरडी ओतली तर पाण्यावर गोळे होऊन रिंगणात अडकते. येथे खडे किंवा गोळ्याच हव्यात. विजेच्या अर्थिंगसाठी विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत कार्बन आणि क्षार घातलेले असतात, त्यामुळे ती घेऊ नयेत. आपल्या उदाहरणात हा बांध पाण्याच्या पातळीच्या वर येतो, म्हणून दर १५ सेंमीला स्वच्छ पाणी ओतून तो भिजवावा आणि फुगण्यासाठी काही तास द्यावेत. घाई केली तर वरचे सिमेंट वाळूत झिरपते, आणि अशा विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे ११ किंवा त्याहून अधिक सामू (पीएच) दाखवत राहते. पावसाळ्यात पाणी दोन मीटरच्या आत येणाऱ्या जागी इतकी उंची मिळत नाही. तेथे जाळीवरची वाळू १५-२० सेंमीपर्यंत कमी करावी, पण बांध वगळू नये.

उरलेली जागा जमिनीच्या ३० सेंमी खालपर्यंत सिमेंटच्या रबडीने भरावी. सिमेंटच्या एका ५० किलोच्या पोत्याला सुमारे ३० लिटर पाणी आणि दोन-अडीच किलो बेंटोनाइटची पूड असे प्रमाण ठेवावे. पूड आधी पाण्यात चांगली घोटावी, सिमेंट मागाहून घालावे. रबडी वरून ओतू नये. बारीक नळी तळाशी सोडून खालून वर भरत यावे, म्हणजे हवेची पोकळी राहत नाही. आपल्या उदाहरणात ही उंची फक्त दीड मीटर आहे, एका पोत्यात काम होते, आणि तेवढ्यासाठी नळी कशाला असे मिस्त्री म्हणेलच. तरीही नळी वापरावी.

विहिरीचे तोंड

पंपावर वाहने फिरतात, त्यामुळे पाइप जमिनीच्या वर ठेवता येत नाही. वाहनाचे वजन सोसणारी बिडाची चौकट, तिच्यात रबराचे गॅस्केट, आत पाइपवर फुगून घट्ट बसणारे कुलपाचे बूच आणि सभोवार ६० × ६० सेंमीचा काँक्रीटचा चौथरा असावा. चौथरा फरशीपेक्षा एक-दोन सेंमी उंच आणि बाहेर उतरता असावा, नाहीतर पहिल्याच जोरदार सरीत तेलकट पाणी आत जाते. झाकण टाकीच्या भरण्याच्या तोंडापेक्षा निराळ्या आकाराचे आणि रंगाचे असावे, त्यावर ‘निरीक्षण विहीर, इंधन ओतू नये’ असे कोरलेले असावे. रात्री दोन वाजता टँकर रिकामा करणाऱ्या माणसाला जमिनीतली सगळी गोल झाकणे सारखीच दिसतात, आणि इंधन चुकून विहिरीत गेले तर ते थेट भूजलात जाते.

धुणे आणि पातळी मोजणे

सिमेंट बसल्यावर किमान चोवीस, जमल्यास अठ्ठेचाळीस तासांनी विहीर धुवावी. कॉम्प्रेसरची हवा सोडून नव्हे, तर जाळीच्या लांबीत दट्ट्या वरखाली करून आणि पंपाने किंवा बेलरने, म्हणजे दोरीला बांधलेल्या लांबट नळीने, गढूळ पाणी उपसून. पाणी नितळ होईपर्यंत आणि सामू, वाहकता, तापमान लागोपाठच्या वाचनांत स्थिर होईपर्यंत उपसावे. खोदताना पाणी वापरले असेल तर त्याच्या तिप्पट पाणी बाहेर आले पाहिजे. हे पाणी गटारात सोडू नये, पिंपात भरून त्यावर विहिरीचा क्रमांक आणि तारीख लिहावी.

मग प्रत्येक पाइपच्या काठावर उत्तरेकडे एक खाच करावी आणि लेव्हल यंत्राने तिन्ही खाचांची उंची मिलिमीटरपर्यंत काढावी. हे काम अनेकजण टाळतात, म्हणून त्याचा परिणाम आकड्यांत दाखवतो. समजा, आवारातल्या एका खुणेच्या हिशेबाने तीन विहिरींच्या काठांची उंची १००.०००, ९९.६४० आणि ९९.२१५ मीटर आहे, आणि काठापासून पाणी अनुक्रमे ६.४२०, ६.३१० आणि ६.१८० मीटरवर लागते. नुसती खोली पाहिली तर तिसऱ्या विहिरीत पाणी सर्वांत वर आहे आणि ते पहिलीकडे वाहत असावे असे वाटते. वजाबाकी केली की पाण्याची खरी उंची ९३.५८०, ९३.३३० आणि ९३.०३५ मीटर निघते, म्हणजे पाणी बरोबर उलट, पहिलीकडून तिसरीकडे वाहते आहे. पंपाचे आवार दीड-दोन फूट उतरते असले तरी एवढा घोटाळा पुरतो.

पाण्यावर पेट्रोल तरंगत असेल तर त्या विहिरीत दुरुस्ती करावी लागते. थराची जाडी गुणिले इंधनाची सापेक्ष घनता एवढी भर पाण्याच्या उंचीत घालावी. ३० सेंमी पेट्रोल असेल आणि घनता ०.७४ धरली, तर २२ सेंमी. जाडी मोजायला तेल आणि पाणी यांची हद्द दाखवणारे यंत्र असते. ते हाताशी नसेल तर पंपावरच रोज टाकीत वापरली जाणारी पाणी शोधण्याची पेस्ट फीतीवर लावून काम भागते, कारण पाण्यात बुडालेल्या भागात तिचा रंग बदलतो. मात्र पेस्ट लावलेली फीत नमुना घेण्यापूर्वी विहिरीत घालू नये. विहिरीतली जाडी ही जमिनीतल्या जाडीपेक्षा सहसा जास्त दिसते, त्यामुळे तिच्यावरून किती हजार लिटर गळले याचे गणित मांडू नये.

पहिला नमुना आणि पुढे

धुतल्यानंतर विहिरीला आठवडा-दोन आठवडे विश्रांती द्यावी. नमुना पहाटे, विक्रीची वर्दळ सुरू होण्यापूर्वी घ्यावा, जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा, आणि नोझल हाताळलेल्या माणसाला बाटल्यांना हात लावू देऊ नये. तरंगते पेट्रोल दिसत असेल तर विरघळलेल्या घटकांचा नमुना घेण्यात अर्थ नाही. नसेल तर मिनिटाला पाव ते अर्धा लिटर अशा संथ गतीने पाणी काढावे आणि वाचने स्थिर झाल्यावर ४० मिलिलिटरच्या, आम्ल घातलेल्या कुप्या काठोकाठ भराव्यात. कुपी उलटी करून टिचकी मारली असता बुडबुडा दिसता कामा नये, कारण बेंझीन त्या बुडबुड्यात निघून जाते. कुप्या बर्फात ४ अंशांजवळ ठेवून प्रयोगशाळेत न्याव्यात. त्यांची तपासणी चौदा दिवसांत व्हावी लागते. प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याने भरून आणलेली एक बंद कुपी सबंध प्रवासात सोबत ठेवून तीही तपासावी, म्हणजे पंपावरची किंवा गाडीतली वाफ नमुन्यांत शिरली का ते कळते.

एका नमुन्यावर निकाल देऊ नये. मे महिन्यात आणि पावसाळा संपताना असे निदान एक पूर्ण जलवर्ष पाहावे, कारण पातळी चढताना मुरमाला चिकटलेले पेट्रोल पुन्हा सुटते आणि आकडे उसळी घेतात. प्रदूषण आढळले तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवण्याचा मार्ग आहेच. केंद्र सरकारने जुलै २०२५मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियमही अधिसूचित केले आहेत, आणि विहिरीची खोदनोंद, पिशव्यांचा हिशेब, काठांच्या उंची हे सगळे कागद अशा वेळी मागितले जातात.

काम संपले की विहीर तशीच सोडू नये. आतली नळी काढता आली तर काढावी, नाहीतर तिच्यासकट, तळापासून वरपर्यंत सिमेंट-बेंटोनाइटची रबडी बारीक नळीने भरावी, चोवीस तासांनी रबडी खाली बसली असेल तेवढी पुन्हा ओतावी, बिडाची चौकट काढून फरशी सलग करावी आणि बंद केल्याची तारीख पंपाच्या नकाशावर त्या खुणेपाशी लिहावी.